ग्योतोकुचं राष्ट्रीय सरकार

बागेच्या कोपऱ्यावर पुन्हा तो फळा उभा राहिला आहे. प्लायवूडचा, आडवा. त्यावर चौकोन आखलेले आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. उमेदवारांची माणसं येतात, आपल्या आकड्याच्या चौकोनात फोटो चिकटवतात, दोन पावलं मागे सरून तो सरळ लागला आहे ना ते बघतात आणि जातात. शेजारच्या चौकोनात बोटभरही कुणी शिरत नाही. काही चौकोन मतदानाच्या दिवसापर्यंत रिकामेच राहतात. मागच्या निवडणुकीचा फळा काढला तेव्हा जमिनीत राहिलेली भोकं अजून पुरती बुजली नव्हती. नवे खांब त्याच भोकांत रोवले गेले.

सकाळपासून प्रचाराच्या गाड्या फिरतात. खिडकीतून पांढऱ्या हातमोज्यांचे हात बाहेर आलेले असतात आणि भोंग्यातून एक नाव, पुन्हा तेच नाव, मग "ओनेगाइ शिमासु", म्हणजे कृपा असू द्या. पांढरा हातमोजा सगळ्यांसाठी हलतो. फुटपाथवरचा माणूस मतदार आहे की नाही हे त्याला कळत नाही. बाजाराची पिशवी घेऊन उभी असलेली आपली माणसंही मग हात हलवतात. गाडी वळून गेल्यावर हात खाली येतो.

याच दिवसांत किनमोकुसेई फुलतं. शाळेच्या कुंपणाला, पार्किंगच्या कडेला, कुठेही हे झुडूप असतं आणि वर्षभर त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ऑक्टोबरात एका सकाळी पिकलेल्या जर्दाळूसारखा वास येतो, मग मान वळते, मग बारीक केशरी फुलं दिसतात. आठवडाभरात सगळी खाली पडतात. प्रचाराचा भोंगा आणि हा वास यंदा एकाच आठवड्यात आले. त्या वर्षीही असंच झालं होतं. आमचं राष्ट्रीय सरकार सत्तेवर होतं ते वर्ष.

सरकार म्हणजे मंडळ. टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या मराठी कुटुंबांचं. ते नाव सुधाकाकूंनी दिलं होतं आणि त्यांनी दिलेली नावं सहसा चिकटतात.

पुण्याच्या वर्तमानपत्रात परदेशाच्या पानावर काम करताना अशी सरकारं बरीच हाताखालून गेली. कुठल्यातरी देशात निवडणूक होते, बहुमत कुणालाच मिळत नाही. पुन्हा निवडणूक होते, पुन्हा तेच. लोक कंटाळतात, पुढारीही कंटाळतात. मग एक दिवस दोन वैरी हस्तांदोलन करतात तो फोटो येतो आणि मथळा ठरलेला असतो: 'अखेर एकत्र'. त्याला तीन कॉलम मिळत. काही महिन्यांनी ते सरकार पडतं, त्याला एक कॉलम, तोही पानाच्या घडीखाली. मधल्या महिन्यांत त्या देशात काय झालं, कुणी कुणाबरोबर चहा घेतला, याची बातमी कधी आली नाही. आली असती तरी जागा मिळाली नसती.

बायकोच्या बँकेच्या नोकरीमागे इथे आल्यावर ते काम सुटलं. पण त्या कामामुळे एक पद मिळालं. मंडळाचे अध्यक्ष बापटकाका एकदा स्टेशनसमोर भेटले आणि म्हणाले, "संपादक, तुम्ही पेपरवाले. तुम्ही कुणाचे नसता. निवडणूक अधिकारी व्हा." संपादक कधीच नव्हतो, हे त्यांना दोनदा सांगून झालं होतं.

इथे आपल्या माणसाला मत नसतं. देशात आहे, पण तिथे स्वतः जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, आणि त्या तारखांना रजा कुणाला मिळते? तेव्हा मंडळाची निवडणूक हीच काय ती आपली निवडणूक. नियम असा की एका घराला एक मत. त्यामुळे खरी निवडणूक आधी घराघरांत होई. आमच्याकडे प्रश्न नव्हता; अधिकाऱ्याच्या घराला मत नाही. बाकीच्या घरांतून मात्र जून महिनाभर भांडणं ऐकू येत होती. पावसाळा होता, खिडक्या बंद असत, तरी येत होती.

एका बाजूला बापटकाका. वीस-बावीस वर्षं इथे, घर घेतलेलं, मुलगा-सून दोन स्टेशनं पलीकडे. त्यांच्याबरोबर कायमची राहिलेली घरं. दुसऱ्या बाजूला मृणाल. नवऱ्याच्या तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली, नाशिकला कॉलेजात शिकवायची, इथे कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघडं असतं त्या दुकानात, सकाळची पार्टटाइम. तिच्याबरोबर कॉन्ट्रॅक्टवरची घरं. भांडण एकाच गोष्टीवर होतं. मृणालला मंडळाचा शनिवारचा मराठी वर्ग हवा होता, सगळ्या मुलांसाठी, दर आठवड्याला. बापटकाकांच्या मते मंडळ सणांसाठी असतं. भाषा घरी शिकायची.

"घरी शिकतात ना मुलं," ते सभेत म्हणाले.

"काका, माझी इरा घरी जपानीत उत्तर देते. मी मराठीत विचारते, ती जपानीत सांगते. मला अर्धं कळत नाही. माझ्याच मुलीचं."

"तू तीन वर्षांत जाशील परत. आम्हाला इथेच राहायचंय. दर शनिवारी हॉल, चाव्या, साफसफाई, हे कोण करणार?"

"जायचंय म्हणूनच घाई आहे हो. तुमच्याकडे वीस वर्षं आहेत, माझ्याकडे तीनच."

हशा झाला, पण कुणी हललं नाही. मतमोजणी झाली. राइस कुकरच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून पेटी केली होती. दोघांना सारखी मतं. दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान घेतलं, पुन्हा सारखी. तिसऱ्या वेळी एक घर सुट्टीला भारतात गेलं होतं आणि एक नवं घर सभासद झालं होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं की आता निकाल लागणार. तिसऱ्यांदाही बरोबरी झाली तेव्हा सुधाकाकू, म्हणजे बापटकाकूच, मागून म्हणाल्या, "अहो, खोकं बदला. ह्यात भात दोन वाट्यांतच होतो."

त्यांच्या घराचं मत कोणाला पडत होतं, हे काकांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

मग दिवाळीच्या हॉलचा घोळ झाला. तो फक्त आपल्याच माणसांना जमला असता. इथे कोमिनकान असतं, म्हणजे पालिकेचं लोककेंद्र. त्यातल्या खोल्या सोडतीने मिळतात. एका संस्थेने एका दिवसासाठी एकच अर्ज करायचा. अध्यक्ष कोण ते ठरलेलं नव्हतं, म्हणून बापटकाकांनी मंडळाच्या नावाने अर्ज केला, आणि त्यांनी केला नसणार असं धरून मृणालनेही केला. सोडतीत मोठा हॉल मंडळालाच लागला होता. पण अर्ज दोन. खिडकीमागच्या बाई फार अदबीने उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, यातलं खरं मंडळ कोणतं?

बापटकाका आणि मृणाल दोघांनी हात वर केले.

बाईंनी दोन्ही हातांची फुली केली, म्हणजे नाही. मग ती फुली तशीच धरून कमरेतून वाकल्या. नियमाप्रमाणे दोन्ही अर्ज बाद. आधी आपसांत बोलून घ्या, असं त्यांनी सुचवलं. दोघं बाहेर आली. सायकलींच्या रांगेपाशी मृणालच आधी हसली. "काका, आयुष्यात पहिल्यांदा आपण एका वेळी एकच गोष्ट केली."

बोलणी स्टेशनजवळच्या फॅमिली रेस्तराँत झाली, जिथे एकदा पैसे भरले की चहा-कॉफी हवी तितकी घेता येते. दोन्ही बाजूंनी ती हवी तितकी घेतली. ठरलं ते असं: संक्रांतीपर्यंत बापटकाका अध्यक्ष, संक्रांतीला मृणाल. प्रत्येक कामाला दोन माणसं, दोन्हीकडची एकेक. तोवर शनिवारचा वर्ग फक्त करून बघायचा. संक्रांतीला मृणालच्या हातात अध्यक्षपद आलं की पहिल्याच दिवशी तो मंडळाचा कायमचा वर्ग होणार. तिने दुसरा नंबर घेतला तो या एका अटीवर. सुधाकाकू कॉफीत तिसऱ्यांदा दूध घालत म्हणाल्या, "लोकांना राष्ट्रीय सरकारसाठी युद्ध लागतं. तुमचं हॉलवर भागलं."

मोठा हॉल गेलाच होता. कुणीतरी सोडून दिलेल्या दोन खोल्या मिळाल्या: एक स्वयंपाकाच्या शिकवणीची, स्टीलच्या ओट्यांची, आणि तिच्या शेजारची जपानी खोली, तातामीची, म्हणजे गवती चटयांची. दर शनिवारी सकाळी तीच जपानी खोली वर्गाला.

त्या खोलीत खुर्ची नव्हती. जमिनीवर बसायच्या गाद्या होत्या, सगळ्या तपकिरी, फक्त एक जांभळी. भिंतीत फुलं ठेवायचा कोनाडा होता त्याच्यासमोर ती टाकायची. बैठकीत बापटकाका तिच्यावर बसत. वर्ग चालू असला की मृणाल तपकिरी गादीवर बसे. जांभळी जागेवरच असायची, पण रिकामी. मुलांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "माझा नंबर संक्रांतीला आहे."

पहिल्या शनिवारी वर्गात एक मूल होतं, इरा. मृणालने तिला तासभर शिकवलं. दुसऱ्या शनिवारी चार होती. तिने पुस्तकं आणलीच नाहीत. कोम्बिनीतल्या कामामुळे तिच्याकडे इथल्या जगण्याची सगळी टरफलं होती: ओनिगिरीचे, म्हणजे भाताच्या गोळ्यांचे, कागद, बाटल्या, झाकणं, डबे. मुलं गोल बसत आणि ती एकेक वस्तू वर धरी. "जळणारा!" "न जळणारा!" "झाकण वेगळं, ताई, झाकण वेगळं!" कचऱ्याची वर्गवारी मुलांना शाळेतून पाठ होती. मृणालने त्या वर्गवारीवर फक्त मराठी चढवली. महिन्याभरात खोलीबाहेरचे बूट मोजायचे सोडून द्यावे लागले. एका शनिवारी उघड्या दारातून किनमोकुसेईचा वास आत आला आणि कुणीतरी ओरडलं, "हा ओला कचरा!"

त्या ऋतूचं पुढे कितीदा मनाशी संपादन करून पाहिलं. वाक्यं कापली, विशेषणं काढली. तरी एक दृश्य कापलं जात नाही.

दिवाळीचा कार्यक्रम. स्वयंपाकखोलीत फोडणी द्यायची नव्हती, धुराची घंटा वाजते म्हणून. खऱ्या पणत्या नव्हत्या, बॅटरीच्या होत्या. जागा इतकी कमी की फराळ उभ्यानेच, आणि नाच तातामीवर मोजे घालून, त्यामुळे दर दुसरं मूल घसरत होतं. दोन सूत्रसंचालक होते, दोन्ही बाजूंचे, आणि दोघांनी एकच विनोद सांगितला. ध्वनी नीट नव्हता. चिवड्यात मीठ दोनदा पडलं होतं, कारण मिठालाही दोन मंत्री होते. परीक्षण लिहायचं झालं असतं तर ते चांगलं झालं नसतं.

कार्यक्रम संपल्यावर कचरा. कोमिनकानात कचरा टाकता येत नाही, सगळा घरी न्यायचा, म्हणून तो तिथेच वेगळा करावा लागतो. ओट्यापाशी बापटकाका नि मृणाल समोरासमोर उभे, बाह्या वर केलेल्या, मधे पिशव्या. भोवती मुलं.

"तुपाची डिश जळणारा की कागद?" काकांनी विचारलं.

"कागद."

"तूप लागलंय, अगं. तूप लागलं की जळणारा."

"काका, कागद तो कागद. जरा पुसा."

"वीस वर्षं कचरा टाकतोय मी इथे!"

"मग वीस वर्षं चुकलंय."

मुलं एका सुरात ओरडली, "जळणारा!" मराठीत. सगळी. इरासुद्धा. काकांनी डिश हवेत धरली होती ती तशीच राहिली. ते मुलांकडे बघत होते. मग ती डिश त्यांनी जळणाऱ्यात टाकली आणि मृणालला म्हणाले, "तुझ्या वर्गाने तुझ्याविरुद्ध निकाल दिला." ती हसत हसत ओट्याला टेकली. "द्या ना," म्हणाली, "मराठीत द्या आणि काय हवा तो द्या."

पिशव्या दोघांच्या घरी अर्ध्या-अर्ध्या गेल्या. सायकलींच्या टोपल्यांत. जुन्या एदो नदीच्या बांधावरून सगळी घरं रांगेने परत निघाली होती. पुढे कोण आणि मागे कोण, यात त्या दिवशी काही अर्थ नव्हता.

सरकार संक्रांतीआधी पडलं. कारण साधं होतं. मृणालच्या नवऱ्याचं टोकियोतलं प्रोजेक्ट संपलं आणि त्याला नागोयाला मोटारींच्या कामावर पाठवलं. घर आवरायला काही आठवडेच होते. नव्या घरांनी तिच्या जागी दुसरं नाव सुचवलं. जुनी घरं म्हणाली, शब्द मृणालला दिला होता, गटाला नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर होतं, आणि दोन्ही बाजू बरोबर असल्या की तडजोडीला जागा उरत नाही. शेवटच्या बैठकीला मृणाल आली होती. दाराजवळच्या तपकिरी गादीवर बसून तिने सगळं ऐकलं. उठताना एवढंच म्हणाली, "वर्गाचं काय?"  बूट घालताना तिला वेळ लागला. इरा बाहेर उभी राहून तिला जपानीत लवकर चल म्हणत होती.

एक कॉलम, घडीखाली.

आता ग्योतोकुत दोन मंडळं आहेत. दोघांचं बरं चाललंय. दोघांना मोठे हॉल मिळतात, ध्वनी चांगला असतो, सूत्रसंचालक एकच असतो. दिवाळीच्या आठवड्यात दोन वेगळ्या दिवशी दोन फराळ होतात, दोन्हींत मीठ बेताचं असतं. मुलांचे नाच बसवलेले असतात, मुलं घसरत नाहीत. नाच संपला की आपसांत जपानीत बोलतात. शनिवारचा वर्ग कुणीच घेत नाही. कुणाचा त्याला विरोध नाही, पण तो कुणाचाच नाही. चिवडा खाताना हात मधेच थांबतो, मीठ जास्त व्हायला हवं होतं असं वाटतं, आणि असं वाटणं तर्काला धरून नाही हे कळत असूनही वाटतं.

टीव्हीवर सध्या आकडे दाखवतात. कोण कोणाबरोबर जाणार, किती जागा कमी पडणार. इथला निवेदक ते इतक्या थंडपणे सांगतो की पेपरातलं जुनं टेबल आठवतं. अशी एकत्र सरकारं टिकत नाहीत, असं जाणकार सांगतात. त्यात चूक काही नाही. पण टिकणं हे एकच माप का लावायचं, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. किनमोकुसेईला कुणी ते लावत नाही.

परवा फळ्यापाशी बापटकाका भेटले. हल्ली त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष दुसरे आहेत. बरोबर नात होती, सई, पाच वर्षांची. ती फळ्यावरचे आकडे जपानीत मोजत होती. काका तिच्याशी जपानीतच बोलत होते, हळू, शब्द जुळवत.

"संपादक," ते म्हणाले, "ही माझ्याशी बोलते ना, ते मला अर्धं कळत नाही."

वाक्य ओळखीचं होतं. त्यांनाही ते आठवत असावं, कारण ते फळ्याकडे बघून बोलले.

"मृणालचा नंबर आहे तुमच्याकडे? फोनचा."

"आहे."

"लावा. मी बोलतो."

फोन बागेच्या बाकावर बसून झाला. स्पीकरवर होता, कारण काकांना ऐकू कमी येतं. मृणालने आधी सुधाकाकूंची चौकशी केली, मग गुडघ्यांची. काकांनी मधेच तोडलं. "ते राहू दे. तू संक्रांतीला गादीवर बसायची होतीस. राहिलं ते. माझा त्यावर काही इलाज चालला नाही."

"जाऊ द्या हो काका. किती वर्षं झाली. आणि आता कुठल्या मंडळाचं अध्यक्ष करताय मला?"

"मंडळाचं नाही. शनिवारचं."

 मग तिने विचारलं, "किती मुलं आहेत?"

"एक."

"एकच?"

"तुझ्या पहिल्या शनिवारी किती होती?"

ती हसली. तेच हसणं, ओट्याला टेकलेलं. नागोयाहून दर आठवड्याला येणं जमणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. व्हिडिओवर शिकवणार नाही, हेही. पण मतदान होऊन गेल्यावरच्या शनिवारी नवऱ्याला टोकियोत काम आहे, तेव्हा ती येईल. एकदा. पुढचं पुढे.

"एकदा पुष्कळ झालं," काका म्हणाले. "आपलं सरकार तरी किती टिकलं?"

जपानी खोली या वेळी सोडतीशिवाय मिळाली. तिला आता फारशी मागणी नाही. अर्ज एकच केला होता. खिडकीमागच्या बाई नव्या होत्या, त्यांना जुनं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

मतदान होऊन गेलं. आज तो शनिवार, आणि सकाळीच कामगारांनी बागेतला फळा काढला. खांबांची भोकं उघडी आहेत, त्यांत केशरी फुलं साचली आहेत. मृणालचा मेसेज आला की गाडी नागोयाहून सुटली. बापटकाका वेळेआधी येऊन खोली उघडून बसले आहेत. एका पिशवीत त्यांनी घरून बाटल्या, झाकणं आणि तुपाची एक डिश आणली आहे. गाद्यांच्या ढिगातून तपकिरी दोन काढल्या, एक स्वतःला, एक नातीला. मग सगळ्यात खालची जांभळी ओढून काढली, हाताने झटकली आणि कोनाड्यासमोर टाकली.

सई धावत जाऊन तिच्यावर बसली.

"तिथे नको," काका म्हणाले. "तिथे दुसऱ्यांचा नंबर आहे."

"दारे नो?" तिने विचारलं. कुणाचा?

काकांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं ज्या भाषेत ते तिला उत्तर देत आले त्या भाषेतला शब्द ओठांवर आलेला दिसला. त्यांनी तो गिळला.

"येतायत," ते मराठीत म्हणाले. "उठ, बाळ. त्या येतायत."